मधला भाग : गुरू खड्ड्यात, शिष्य वाटेवर

रामायणात नाशिकच्या वाट्याला जागा आली ती मधली. जन्म अयोध्येचा, राज्याभिषेकही अयोध्येचा आणि युद्ध लंकेचे. आमच्याकडे अरण्यकांड, म्हणजे सातांतले तिसरे. पंचवटी, तपोवन, सीतागुंफा आणि शूर्पणखेचे नाक. त्या नाकावरूनच गावाला नाव पडले असे गावकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. या कांडात काही सुरू होत नाही आणि काही संपतही नाही. पर्णकुटी उभी राहते आणि रिकामी होते. सोन्याचे हरीण दिसते आणि फसवते. ज्याने राखण करायची तोच हाकेमागे निघून जातो. शेवटी दोन भाऊ त्या रिकाम्या झोपडीतून बाहेर पडून दक्षिणेकडे चालू लागतात. काळारामाच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूला यात अपुरे काही वाटत नाही. तो सीतागुंफेत वाकून शिरतो, घामाघूम होऊन बाहेर येतो आणि रिक्षाने पुढच्या ठिकाणी जातो. बालकांड कुणी त्याला आधी सांगावे लागत नाही.

या मधलेपणाचा विचार मी करू लागलो त्याचे निमित्त मात्र रामायण नव्हते. भाचीच्या कपाटातून मी हॅरी पॉटरचा चौथा भाग वाचायला घेतला. सातांतला चौथा, म्हणजे अगदी मधोमध. पहिले तीन भाग मैत्रिणींकडे गेलेले होते आणि ते परत येतील अशी तिलाही फारशी आशा नव्हती. वाचणाऱ्या घरांत हे नेहमीच होते. पहिला भाग सगळ्यांना हवा असतो, म्हणून तोच आधी हरवतो. सार्वजनिक वाचनालयांतल्या जुन्या संचांवरही मी हे पाहिले आहे. पहिल्या भागाची बांधणी दोनदा केलेली, पाने पिवळी, तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली. दुसरा भाग बऱ्यापैकी धड. तिसराही जवळपास दुसऱ्यासारखाच, कारण दुसरा ज्याने पुरा केला तो तिसऱ्यापर्यंत जातोच. वाचकांची गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधे. मधला भाग हातात घेणारा माणूस एक तर खरा अडकलेला असतो, नाही तर माझ्यासारखा चुकून आलेला.

चुकून आलेल्या वाचकाची सोय कशी करायची, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्यांना फार जुना आहे. मराठीत त्याचे उत्तर छापखाना येण्याच्या आधीपासून तयार होते. कोणतीही ओवीबद्ध पोथी उघडा. अध्यायाच्या आरंभी वंदन होते, आणि लगेच मागल्या अध्यायात कथा कुठवर आली होती ते दोन-चार ओव्यांत सांगितले जाते. श्रीधराच्या 'हरिविजय', 'पांडवप्रताप' या ग्रंथांवर वाढलेल्या श्रोत्याला ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असे की तिचे वेगळे असे काही वाटतच नसे. पण ती कुणासाठी होती? काल जो आला होता त्याच्यासाठी नव्हे. काल ज्याची गाय व्याली, ज्याच्या घरी पाहुणे आले, जो बाजाराला गेला होता, त्याच्यासाठी. देवळातल्या पुराणाला रोज तीच माणसे येत नाहीत हे कवीने गृहीत धरलेले होते. पोथी मधेच सोडू नये असा दंडक वाचणाऱ्याला होता, ऐकणाऱ्याला नव्हता. ऐकणारा मधेच येणार, हे ठरलेलेच.

अद्भुताची मराठी पोथी म्हणायची तर 'नवनाथ भक्तिसार'. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ च्या सुमारास, ती चाळीस अध्यायांत रचली. मोठी माणसे ती फळासाठी वाचतात. प्रत्येक अध्यायाला वेगळे फळ आहे आणि शेवटच्या अध्यायात त्याची यादी दिलेली आहे, त्यामुळे संकट पाहून तेवढाच एक मधला अध्याय वाचण्याची मुभा पोथीनेच दिली आहे. आम्ही पोरे ती वाचत होतो लढायांसाठी. मंतरलेली भस्माची चिमूट फेकली की पर्वत उठतो, दुसऱ्याने वज्रास्त्र सोडले की तो पर्वत फुटतो. मच्छिंद्र मारुतीला भिडतो, वेताळाला नमवतो. एक नाथ माशाच्या पोटातून, एक हत्तीच्या कानातून, एक यज्ञकुंडातून, एक शेणाच्या उकिरड्यातून जन्मलेला. असला ऐवज दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आम्हांला मिळाला नव्हता.

आणि नाथांची ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि तिथेच खाली निवृत्तिनाथांची समाधी आहे. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, असा हा क्रम. रा. चिं. ढेरे यांच्या 'नाथ संप्रदायाचा इतिहास' या ग्रंथाने या परंपरेकडे अभ्यासाच्या नजरेने पाहायला शिकवले. मला इथे संप्रदायाचा इतिहास सांगायचा नाही. मला त्या पोथीचा फक्त मध्य पाहायचा आहे, कारण चाळीस अध्यायांच्या मधोमध मालूने जी गाठ मारली आहे तिच्यासारखी गाठ मी पुढे त्या चौथ्या भागातच पाहिली.

गाठ अशी आहे. पूर्वार्धात गुरू सर्वसमर्थ असतात. ते हिंडतात, जिंकतात, शिष्य घडवतात. मध्यावर येईतो दोन मोठे गुरू नाहीसे होतात. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीच्या महालात रमले आहेत. कोण होतो, कशासाठी निघालो होतो, हे विसरल्यासारखे झाले आहेत. जालिंदरनाथांची गत आणखी विचित्र. गौडबंगालच्या गोपीचंद राजाच्या आईने, मैनावतीने, त्यांचा उपदेश घेतला. राणीने राजाचे कान भरले. राजाने जालिंदरांना खड्ड्यात लोटले आणि वर घोड्याची लीद टाकून खड्डा बुजवून टाकला. जालिंदर मेलेले नाहीत. ते खाली समाधी लावून बसले आहेत. वर राज्याचा कारभार चालला आहे.

आता उरले शिष्य. गोरक्षाला मच्छिंद्र सापडत नाहीत, कानिफाला जालिंदर सापडत नाहीत. दोघे वाटेत भेटतात. पहिल्या भेटीत अपेक्षेप्रमाणे भांडण, एकमेकांच्या विद्येची परीक्षा, टोमणे. त्या टोमण्यांतूनच उलगडा होतो. तुझा गुरू बायकांच्या राज्यात पडला आहे, हे कानिफाला ठाऊक आहे. तुझा गुरू लिदीखाली गाडला गेला आहे, हे गोरक्षाला. प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या गुरूचा पत्ता आहे, स्वतःच्या नाही. मराठी कथासाहित्यात इतकी नेटकी मांडणी फार थोड्या ठिकाणी सापडेल, आणि ती एका पोथीत निवांत पडून आहे. पोथी लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवली जाते. त्यामुळे कादंबरीचा इतिहास लिहिणाऱ्यांचा हात तिच्यापर्यंत सहसा जात नाही.

पुढचे वाचकांना ठाऊक असेल. कानिफा राजाला सरळ खड्ड्याकडे नेत नाही, आधी गोपीचंदाचे धातूंचे पुतळे करवून घेतो. वर कोण आहे म्हणून आतून विचारणा होते, गोपीचंदाचे नाव घेतले जाते आणि जालिंदरांच्या कोपाने एकेक पुतळा भस्म होतो. राग असा धातूवर खर्ची पडल्यावर राजा वाचतो. गोरक्षाची मोहीम याहून नाजूक. तो कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात वेष पालटून शिरतो आणि भर दरबारात मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक मारतो. ती हाक फक्त एकालाच कळते.

गुरू परत येतात ते पहिल्यासारखे मात्र नव्हेत. मच्छिंद्रांच्या झोळीत स्त्रीराज्यातून आणलेली सोन्याची वीट असते आणि वाटेत चोराचे भय आहे का, असे ते शिष्याला पुनःपुन्हा विचारत राहतात. गोरक्ष ती वीट फेकून देतो. लहानपणी मला हा विनोदी प्रसंग वाटे. आता तसा वाटत नाही. ज्याने अस्त्रविद्या शिकवली त्याला चोराची भीती वाटते आहे, आणि ती भीती शिष्याला दिसली आहे. मीननाथाला स्वच्छ करून आण म्हटल्यावर गोरक्ष त्या मुलाला धोब्यासारखा दगडावर आपटतो आणि मग पुन्हा जिवंत करतो, हा प्रसंगही इथलाच. पूर्वार्धातली मौज इथे उरलेली नाही. शिष्याचे सामर्थ्य वाढले आहे आणि त्याबरोबर त्याचा कोरडेपणाही.

हा मध्य स्वतंत्रपणे उचलता येतो हे आमच्या लोकांनी केव्हाच ओळखले होते. प्रभात कंपनीने १९३२ मध्ये 'मायामच्छिंद्र' काढला, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली; गोविंदराव टेंबे मच्छिंद्र आणि दुर्गा खोटे राणी. माशाच्या पोटातला जन्म नाही, उकिरडा नाही. एकदम स्त्रीराज्य. त्याच्याही आधी, नाशकात बिऱ्हाड केलेल्या आणि त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंकादहन' काढला. अण्णा साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. गोष्ट मधल्याच कांडांतली. सुंदरकांड एकटे वाचण्याची चाल घराघरांत होतीच, फाळक्यांनी ती पडद्यावर आणली. पैसे देऊन तंबूत बसलेल्या माणसाला दशरथ कोण हे सांगत बसावे लागले नाही.

ही सोय ओळखीच्या कथेची. गोष्ट अनोळखी असली की अडचण सुरू होते, आणि छापखान्याने ती अनोळखी गोष्ट आणली. मराठी मुलांसाठी छापलेल्या पहिल्या पुस्तकांत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आहे. १८२८ च्या त्या पुस्तकावर 'भाग पहिला' असे आहे, म्हणजे मराठी बालसाहित्य जन्मले तेच पुढच्या भागाचा वायदा करीत. छत्र्यांचीच 'वेताळ पंचविशी' १८३० ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' भागाभागांनी द्यायला सुरुवात केली. त्या ग्रंथाची नायिकाच अशी की गोष्ट मधे तोडली तरच तिचे डोके शाबूत राहते. शेवट सांगितला की दिवस उजाडला. अशा पुस्तकाचा मधला एखादा भाग कुणी एकटाच वाचला असेल तर तो काही गमावून बसला असे मला वाटत नाही. चौकट एकच आहे आणि ती एका वाक्यात सांगता येते. लवकरच 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली आणि १८७२ मध्ये काशीनाथ बापूजी मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून तिची झाडाझडती घेतली. तेव्हापासून मराठी टीकेला अद्भुताविषयी जो संकोच जडला तो पुरता गेलेला नाही. पण तो वेगळा विषय.

माझ्या पिढीला अनोळखी अद्भुत भेटले ते 'चांदोबा'त. मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक मराठीत १९५२ मध्ये आले. आमच्या वाड्यात ते एका बिऱ्हाडाकडे येई. त्यांची मुले वाचून झाली की आमच्याकडे, मग खालच्या मजल्यावर. महिना उलटला की कुठला अंक कुणाकडे हे कुणालाच सांगता येत नसे. त्यामुळे धारावाहिक कथा मी आरंभापासून वाचल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. तिसऱ्या नाही तर पाचव्या भागात मी शिरलो. दोन तरुण, घनदाट रान, भाले घेतलेले वनवासी, एखादा मांत्रिक, आणि जमिनीखाली उतरत गेलेल्या पायऱ्या. आरंभी कंसात मागची हकिकत दिलेली असे. आज पाहिले की कळते, ही अध्यायाच्या सुरुवातीच्या ओव्यांचीच जागा, गद्यात आलेली. या कथा मूळ तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम यांनी लिहिल्या होत्या. पहिली १९५४ ची 'तोकचुक्का', म्हणजे धूमकेतू. चित्रे 'चित्रा' या नावाने टी. व्ही. राघवन काढत. यातले आम्हांला तेव्हा काही ठाऊक नव्हते. नाशकातल्या वाड्यात बसून आम्ही तेलुगू अद्भुत वाचत होतो आणि ते मराठीच आहे अशी आमची खात्री होती.

त्याच अंकात विक्रम-वेताळ असे आणि या शेजाराकडे अभ्यासकांनी लक्ष द्यायला हवे. वेताळाची गोष्ट दर महिन्याला एकाच परिच्छेदाने सुरू होई: झाड, प्रेत, खांद्यावर घेऊन मुकाट चालणारा राजा. शंकर यांनी काढलेले ते चित्र कुणी विसरलेले नाही. शेवटी मौन मोडे आणि प्रेत झाडावर परत. पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या होत्या, पण 'चांदोबा'चा वेताळ दशकानुदशके लोंबकळत राहिला. कारण तिथे मध्य असा नव्हताच. प्रत्येक अंक आरंभही होता आणि शेवटही. पाने उलटली की धारावाहिक. तिथे मागचा अंक हुकला तर तो हुकला. कंसातली हकिकत सांगे की तरुण गुहेतून निसटले. कसे निसटले ते सांगत नसे. ते आम्ही बनवत असू, आणि दुसऱ्या कुणी अंक वाचलेला निघाला की त्याच्याशी वाद घालत असू. आमचे निसटणे बहुधा जास्त चांगले असे.

मराठीत कुमारांसाठी मालिका झाल्या, पण त्या बहुतेक वेताळाच्या जातीच्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीस पुस्तकांत धावला. कुठलेही आधी वाचा, बन्या फुरसुंगीचाच आणि सायकल तयारच. नारायण धारपांचा समर्थही तसाच, प्रत्येक कथेत पूर्ण सामर्थ्यानिशी हजर. हे दोघे लेखक मला प्रिय आहेत. पण त्यांचे नायक वाढत नाहीत, म्हणून त्यांना मध्य नाही. समर्थ खड्ड्यात पडला, वर लीद पडली आणि पुढच्या तीन पुस्तकांत त्याचा पत्ता नाही, असे धारपांनी लिहिले असते तर? पण वाचक आणि प्रकाशक दोघेही अस्वस्थ झाले असते. प्रकाशकाचा हिशेब खोटा नाही. दुसऱ्या भागाचे गिऱ्हाईक पहिल्याच्या गिऱ्हाइकांतूनच यायचे आणि ते वाढत नाही, घटते.

हा हिशेब इंग्लंडातही चुकलेला नाही. टोल्किन यांचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लेखकाच्या मनात एकच ग्रंथ होता. युद्धानंतरची कागदाची महागाई आणि प्रकाशकाची धास्ती यांमुळे तो १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाला. मधल्या खंडाला 'द टू टॉवर्स' हे नाव मिळाले खरे, पण हे दोन मनोरे नेमके कोणते याविषयी खुद्द लेखकाचे मन बराच काळ डळमळत होते. जगातला सर्वांत प्रसिद्ध मधला भाग असा कागदाच्या भावातून निपजला. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने या महाग्रंथाचा अनुवाद केला आहे. कागदावरून आठवले: आमच्या नाशिकरोडला १९२० च्या दशकापासून सरकारी छापखाने अहोरात्र चालतात, पण तिथले छापील कागद आम्ही वाचत नाही, मोजतो.

रोलिंगबाईंचे तसे नाही. त्यांचा मध्य ठरवून केलेला आहे. इंग्लंडातल्या पहिल्या आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा, तिसरा ३१७ चा आणि २००० च्या जुलैत आलेला चौथा एकदम ६३६ चा. पहिले चार भाग दरवर्षी एक या हिशेबाने आले. पाचव्यासाठी २००३ च्या जूनपर्यंत थांबावे लागले. म्हणजे जी मुले त्या पुस्तकांबरोबर वाढली ती तीन वर्षे मध्यातच मुक्कामाला होती. मराठीत पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' म्हणून मंजुल पब्लिशिंग हाउसने आणला. हे शीर्षक मला मूळ नावापेक्षा सरस वाटते, कारण परीस म्हटले की आम्हांला खुलासा लागत नाही. नाथांची पोथी वाचणाऱ्याला तर नाहीच.

मी मागचे काही न वाचता चौथा वाचला. पहिल्या प्रकरणात नायकच नाही; एका ओसाड वाड्याचा म्हातारा माळी आहे आणि तो मरतो. दुसऱ्या प्रकरणात कपाळावरच्या व्रणाच्या निमित्ताने मागची हकिकत येते. कंस नाहीत, पण काम तेच. तेवढ्यावर मी पुढे गेलो. काही नावे कळली नाहीत, आणि त्याने अडलेही नाही. मग शाळेत नवा शिक्षक येतो, मूडी. एक डोळा जादूचा, पाय लाकडी, तोंडाने फटकळ. मुलांना तो सर्वांत भयंकर शाप दाखवतो आणि एका शापाचा प्रतिकार करायला शिकवतो. वाचणाऱ्याला तो आवडतो. शेवटी कळते की हा मूडी नव्हेच. त्याचे रूप घेतलेला शत्रूचा हस्तक आहे. खरा मूडी त्याच्याच खोलीतल्या सात कुलपांच्या पेटीत आहे. सातवे कुलूप उघडले की पेटीचा तळ दिसत नाही, खोल खड्डा दिसतो, आणि त्या खड्ड्यात वर्षभर खरा गुरू पडलेला आहे.

मी पुस्तक मिटून ठेवले आणि जालिंदर आठवले.

लेखिकेला मालू कवी ठाऊक असण्याचे कारण नाही आणि कुणी कुणाची उचल केली असले सिद्धांत मला नको आहेत. तसल्या लेखांचा आपल्याकडे तुटवडाही नाही. मला दिसते ते इतकेच की गोष्ट पुरेशी लांब झाली आणि नायक खरोखर वाढायचा असला, तर मध्यावर गुरूला खड्ड्यात घालावेच लागते. टोल्किनच्या पहिल्या खंडात गॅन्डाल्फ दरीत कोसळतो, आणि मधल्या खंडात परत येतो तो बदललेला. अरण्यकांडात लक्ष्मण हाकेमागे जातो. सांभाळणारा बाजूला झाल्याशिवाय मधले कांड पुढे सरकतच नाही.

फरकही आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. पोथीतला गुरू भुलतो, गाडला जातो, सोन्याची वीट बाळगतो, पण तो खोटा कधीच नसतो. मच्छिंद्राच्या जागी दुसराच कुणी मच्छिंद्र होऊन बसला आहे आणि गोरक्ष वर्षभर त्याचीच सेवा करतो आहे, हे मालूला सुचणे शक्य नव्हते. सुचते तरी त्याने लिहिले नसते. चौथ्या भागात नेमके ते घडते. आणि त्या खोट्या गुरूने शिकवलेली विद्या खरी ठरते. स्मशानात शत्रूसमोर उभा राहिल्यावर हॅरी त्या शापाला दाद देत नाही, तो वर्गातल्या त्याच शिकवणीच्या बळावर. विद्या खरी आणि गुरू खोटा, हे चौदा वर्षांच्या मुलाने कसे पचवायचे? पुस्तक त्याचे उत्तर देत नाही. सोबतचा निरपराध मुलगा, सेड्रिक, मरून पडलेला असतो, आणि मंत्री म्हणतो असे काही घडलेलेच नाही. शेवटच्या, सदतिसाव्या, प्रकरणाचे नाव 'आरंभ' या अर्थाचे आहे.

भाचीशी मी यावर बोललो. जालिंदरांची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न केला, मामा, तो खड्ड्यात इतकी वर्षे खात काय होता? मी म्हटले, समाधी. ती म्हणाली, मूडीला निदान जिवंत ठेवायचे कारण होते, त्याचे केस लागत होते. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गोरक्ष आणि कानिफा यांची भेट मात्र तिला एकदम आवडली. तिने ती दोनदा सांगायला लावली आणि हे मराठीत पुस्तक आहे का असे विचारले. पोथी आहे, असे मी म्हणालो. तिला ओवीबद्ध पोथी वाचता येणार नाही हे आम्हां दोघांनाही माहीत होते. घरातल्या प्रतीचे फडके सोडायचे तर आधी अंघोळ करावी लागेल, हेही.

त्या पोथीतला एक थर आज तिच्या वयाच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. भक्तीच्या बाजूने तिला घरे आहेत, पारायणे आहेत, दुकानांत प्रती आहेत. गोष्टीच्या बाजूने तिला कुणी नाही. कुमारांसाठी तिचे गद्य झाले तेही सुट्या चमत्कारांचे, वेताळाच्या पद्धतीने: एक नाथ, एक गोष्ट. मधली गाठ त्यांत सुटून जाते, आणि ती गाठ हीच खरी कादंबरी आहे. पुस्तके पोहोचवण्याची इच्छा या गावात कमी नाही. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० चे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत विनायक रानडे यांनी २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरवल्या आणि त्या परदेशांतही गेल्या. फिरत्या पेटीला सुटे, एकाच खंडात संपणारे पुस्तक सोयीचे पडते. तीन-चार भागांची मराठी अद्भुतकथा उद्या कुणी लिहिली, तर तिचा मधला भाग एखाद्या पेटीतून एकटाच कुठल्या तरी गावी पोहोचेल. मला त्यात वाईट काही दिसत नाही. आरंभी चार ओळींची मागची हकिकत असली म्हणजे झाले.

नाथजोग्यांनी तो मध्य सोडलेला नाही. दर बारा वर्षांनी, सिंहस्थानंतर, त्यांची झुंडी त्र्यंबकेश्वरहून पायी निघते आणि महिनोन्महिने चालून मंगळूरजवळच्या कद्रीला पोहोचते. तिथल्या मठावर पुढच्या बारा वर्षांसाठी नवा राजा बसवला जातो. मच्छिंद्र जिथे अडकले ते कदलीवन म्हणजे ही कद्रीच, असे सांप्रदायिक मानतात. गोरक्ष गेला होता त्या वाटेने ते चालतात, आणि निघतात आमच्या ब्रह्मगिरीच्या पायथ्यापासून.